चार विसावे

देवराम करंजदऱ्याचा. सुरगाणा तालुक्यात डोंगरावर चाळीसेक घरांचा हा पाडा, पीक भात आणि नागली. भात झोडून झालं की देवराम खाली उतरायचा आणि एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कोळशाच्या कामाला लागायचा. मी तिथं कायम होतो. नव्वद सालापासून आम्ही एकाच पाळीत. माणूस चोख. घमेलं अर्धं भरून पळणाऱ्यांतला नव्हता.

खोड एकच. निवडणूक लागली की खाडा करायचा. मुकादमानं आकांडतांडव केलं तरी जायचाच, कारण करंजदऱ्याची मतपेटी डोंगरावर न्यायचं काम त्याचं असे. जीप पायथ्याला थांबायची, पुढं तासाभराचा खडा चढ. पंच्याण्णवला मी हौसेनं सोबत गेलो. माझ्याकडं कंदिलांची पिशवी तेवढी होती, तरी मी पाच वेळा बसलो. देवराम पेटी डोक्यावर घेऊन दोनदाच थांबला, ठरलेल्या दोन जागी. तिथं छातीइतक्या उंचीचे सपाट दगड आहेत. डोक्यावरचं ओझं न वाकता त्यावर सरकवता येतं. त्यांना विसावा म्हणतात. डोंगरात अंतरही त्यातच सांगतात. अमकं गाव एक विसावा, तमकं तीन.

दोन हजार चारला पेटी गेली, मशीन आलं. देवरामची तक्रार एवढीच की डोक्यावर काही आहे असं वाटतच नाही.

मग दोन हजार आठला नवी रचना झाली. सुरगाणा मतदारसंघ राहिला नाही, तालुका कळवणात गेला. आमच्या पाळीतला भिकन त्याला छेडायचा, "देवराम, तुझा मतदारसंघ चोरीला गेला रे. पोलिसात वर्दी दे."

देवरामला मतदारसंघाचं दुःख नव्हतं. आमदार कुठला का असेना, मतदान केंद्र पाड्यात हवं, एवढंच त्याचं म्हणणं. पण नव्या यादीत पाड्याची एकशे नव्वद मतं घळीपलीकडच्या मोहदरीला जोडली होती. कागदावर अंतर दीड किलोमीटर. नकाशावर फूटपट्टी ठेवली तर तेवढंच भरतं. चालताना घळ उतरावी लागते आणि परत चढावी लागते. देवरामची आई कुसाबाई पंच्याहत्तरीची. तिच्यासारखी वीस-पंचवीस म्हातारी माणसं तिथं पोचणार नव्हती. आणि मुख्य म्हणजे सरकार पाड्यावर चढून येतं ते मतदानाच्याच दिवशी. हातपंप त्यांनी असाच एका मतदानाला मागून घेतला होता. केंद्र गेलं की तो दिवसही जाणार.

देवराम चौथी शिकलेला. त्यानं स्वतः अर्ज लिहिला, की मोहदरी केंद्र आमच्यापासून चार विसावे आहे, तरी आमचं केंद्र आम्हाला मिळावं. महिन्यानं उत्तर आलं. ते घेऊन तो मला शहरात द्वारका चौकातल्या चहाच्या टपरीवर भेटला. लिहिलं होतं, 'मार्गावर विसाव्याची चार ठिकाणे उपलब्ध असल्याने मतदारांची गैरसोय होणार नाही.'

मी हसलो, चहा सांडला. तो हसला नाही.

"त्यांचं काय चुकलं?" मी म्हणालो. "तू मोजलंस कुठं?"

"रोजची वाट हाय भाऊ. मोजायचं काय तिच्यात?"

मोजायचं. मी ओळखीच्या गवंड्याकडून तीस मीटरची टेप आणली. मे महिना होता. एक टोक त्याच्याकडं, एक माझ्याकडं. घळीत उतरल्यावर तो म्हणाला, हे अंदाजानं धरू. मी नाही म्हणालो. नव्वदाव्या टेपेला आमची गणती हुकली. मी पहिल्यापासून धरायला लावलं. त्यानं मला त्याच्या बोलीत काहीतरी सुनावलं, ते मी विचारलं नाही. एकशे बासष्ट टेपा भरल्या, म्हणजे चार किलोमीटर आठशे साठ मीटर. नवा अर्ज मी लिहिला, त्यात फक्त आकडा. देवरामनं सही करताना खाली घातलंच, 'म्हणजेच चार विसावे.'

या वेळी पाहणीला माणूस आला. नव्या बुटातला, हातात फाईल. देवराम त्याला मोहदरीच्या वाटेला घेऊन निघाला, मी मागं. घळ उतरून थोडं चढल्यावर साहेब दुसऱ्या विसाव्याच्या दगडाला टेकले. शर्ट पाठीला चिकटला होता.

"अजून किती?"

"दोन विसावे, सायेब."

साहेबांनी पुढच्या वाटेकडं पाहिलं, मग दगडाकडं पाहिलं. फाईल त्याच दगडावर ठेवली आणि उभ्यानंच लिहायला लागले.

दोन हजार नऊच्या ऑक्टोबरात मतदान झालं. करंजदऱ्याच्या शाळेत, मतदारसंघ कळवण. मी मुद्दाम गेलो होतो. कुसाबाई काठी टेकत पहिल्या दहांत उभी होती. बोटाला शाई लावून बाहेर आली आणि घरी न जाता दारातच बसली. दुपारी केंद्राध्यक्ष हात धुवायला बाहेर आले, तेव्हा तिनं पायथ्यापासूनच्या रस्त्याचं काढलं. ते म्हणाले, आजी, ते माझं काम नाही.

"मंग कुनाचं? नाव लिवून दे."

त्यांनी सुटका म्हणून एका कागदावर बांधकामाच्या कचेरीचा पत्ता लिहून दिला. तिनं तो देवरामच्या हातात दिला.

"आन जाशील तवा," ती म्हणाली, "मोजून जा."