खळ्यावर मारलेली फक्की

मी आर्किटेक्चर शिकायला गेलो, तेव्हा मला फक्त म्हशीचं आतलं बांधकाम माहीत होतं.

आठ वर्षं बेल्हे ते निमगाव सावा या पट्ट्यात मी जनावरांचा डॉक्टर म्हणून फिरलो. (लाथा खात फिरलो म्हणा हवं तर!) मग पस्तिशीच्या तोंडावर घरं बांधायची हौस आली. पुण्यात पदवीधरांसाठी एक कोर्स होता, पाच वर्षांचं शिक्षण तीन वर्षांत कोंबणारा. मी बिनपगारी रजा टाकली आणि बाविशीतल्या पोरांशेजारी जाऊन बसलो.

वडील, म्हणजे आमचे दादा, कडाडले. "वासरं वढून काढणारा तू, घरं काय बांधणार? पयल्या टर्मला नापास झालास, तर गुमान दवाखान्यात जायचं!"

"कबूल!" मी म्हणालो.

पहिलंच काम मिळालं: स्वतःच्या कुटुंबासाठी घर आखा. पास-नापास त्यावरच! कागदावरच्या इंचात किती फूट मावतात, हे माझ्या डोक्यात शिरेना. सर म्हणाले, "जमिनीवर खऱ्या मापाच्या रेघा मारा आणि चालून बघा." रविवारी मी कच्चा नकाशा घेऊन बेल्ह्याला आलो आणि घरामागच्या खळ्यावर पांढऱ्या फक्कीनं अख्खं घर काढलं. त्यातून ऐटीत दोन चकरा मारल्या आणि पक्क्या नकाशासाठी कागद आणायला आळेफाट्याला गेलो.

परत येऊन बघतो तर काय! सगळी भावकी खळ्यावर, नारळ फुटलेला, आणि चर गुडघाभर खणलेला!

"दादा! हे काय?"

"फक्की मारून जागा तशीच सोडत्यात व्हय? रेघ पडली की कुदळ पडलीच पायजे. आपल्यात तशीच रीत हाय."

"अहो, तो माझा गृहपाठ होता!"

"व्हता. आता घर हाय!"

चुलत्यांनी माझ्या हातात फावडं दिलं. आमचे जुने मिस्त्री चरातून वर आले. "डाक्टर, कागुद दावा की."

मी छाती फुगवून नकाशा पसरला. त्यांनी तो उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"लई झ्याक काडलंय. पर सैपाकघरात जायचं कुठनं?"

मी बघितलं. मग चष्मा पुसून पुन्हा बघितलं. सैपाकघराला दारच नव्हतं!

"म्हंजी मी खिडकीतनं उड्या मारू?" आई ओरडली.

"मुद्दामच ठेवलं नाही," मी म्हणालो. "मिस्त्रींचं लक्ष आहे का, ते बघत होतो!"

दादांनी माझ्याकडं बघितलं, बाजारात बैलाचे दात बघतात तसं. मिस्त्रींनी मात्र कानावरची पेन्सिल काढली. "हितं दार घ्या. मंग धूर बी घरात फिरायचा न्हाई, अन् पावण्यांना भांडी बी दिसायची न्हाईत." मी मान डोलवली, जणू मला तेच सांगायचं होतं!

टर्म संपली. मी पास! माझ्या नकाशावर सरांनी लाल शाईत लिहिलं होतं, 'बाकी सगळं जेमतेम. स्वयंपाकघराच्या दाराची जागा मात्र उत्तम!'

घरी येऊन मी तो कागद आणि पेढ्यांचा पुडा दादांपुढं ठेवला. दादांनी शेरा दोनदा वाचला, पुडा उचलला आणि तडक मिस्त्रींच्या घरी गेले.

"तोंड गोड करा, राव," दादा म्हणाले, "तुमी पास झाला!"