करड्या चौकोनामागचं चित्र

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाई मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड समोरच्या वस्तूकडे वळवायच्या. मुलगी कागदात डोकं घालून तांब्या काढत असायची आणि खरा तांब्या टेबलावर तसाच राहिलेला असायचा. "बघ की गं! बघितल्याबिगर काय काढतीस?" हा आवाज भिंत ओलांडून माझ्या कॉम्प्युटरच्या खोलीत यायचा. तुम्हालाही शाळेत असं एखादं मोठ्या आवाजाचं माणूस भेटलं असेल. आधी त्याची भीती वाटते, मग आवाज आला नाही की चुकल्यासारखं होतं.

मी कोल्हापुरातल्या त्या मुलींच्या शाळेत लागले तेव्हा नव्वदचं दशक संपत आलं होतं. बाई पन्नाशीच्या होत्या आणि एकट्या राहत होत्या. इथल्या जुन्या बायकांसारख्या त्या "मी आलो, मी जेवलो" असंच बोलायच्या. पुण्याहून आलेली एक नवी शिक्षिका त्यावर हसली, तर म्हणाल्या, "आलो म्हण न्हाय तर आले म्हण. वेळेवर आलो हाय न्हवं?"

मग बाईंच्या छातीत गाठ निघाली. मिरजेला ऑपरेशन झालं आणि डावा स्तन काढावा लागला. शाळेत सगळ्याजणी "बाईंचं पोटाचं काहीतरी" असं कुजबुजत होत्या. बाई कामावर परत आल्या त्या दिवशी, मधल्या सुट्टीत डबा उघडता उघडता म्हणाल्या, "पोटाचं न्हाय. छातीचा कॅन्सर हुता. काढला." हेडबाईंनी उगाच लोणच्याची बरणी पुढे सरकवली.

त्या दिवाळीच्या सुट्टीत बाईंनी स्वतःचं चित्र काढलं. मला घरी बोलावून दाखवलं. कमरेपर्यंत उघड्या अंगानं त्या स्टुलावर बसल्या होत्या. खिडकीतून उजेड येत होता. एका बाजूला वयानं ओघळलेला स्तन आणि दुसरीकडे सपाट छातीवर तिरका गेलेला व्रण, गोणपाट शिवावं तसा. हात मांडीवर आणि नखांत रंग. चेहऱ्यावर दुःख नव्हतं. मंडईत वांगी निवडताना माणसाचा असतो तसा चेहरा होता. मी बराच वेळ उभी राहिले. मग बाईंनीच चहा ठेवला.

गावातल्या प्रदर्शनात ते चित्र कुणी घेतलं नाही. घरंदाज माणसं येतात, आयोजक म्हणाले. म्हणून मी त्यांना एका वेबसाइटबद्दल सांगितलं. जगभरचे चित्रकार तिथे आपापली चित्रं टाकायचे. माझ्या दिराकडे डिजिटल कॅमेरा होता. आम्ही आधी बाईंची रंकाळ्याची आणि गुऱ्हाळांची चित्रं टाकली. कुठल्यातरी लांबच्या देशातल्या एकानं लिहिलं की उजेड फार सुंदर उतरलाय. मी ते मराठीत सांगितलं. "उजेड म्हणाला? मग डोळं हायत त्याला," बाई म्हणाल्या आणि दिवसभर खुशीत होत्या.

नंतर ते चित्र टाकलं. थोड्याच दिवसांत त्याच्या जागी एक करडा चौकोन आला आणि त्यावर इंग्रजीत सूचना. मी वाचून दाखवली, "ह्या चित्रात नग्नता आहे. अठरा वर्षांवरच्या सभासदांनीच ते उघडावं."

बाई चौकोनाकडे बघत राहिल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "नग्न? मी तर आजारी हुतो."

आम्ही वेबसाइटवाल्यांना लिहिलं. सभ्य उत्तर आलं की नियम सगळ्यांना सारखाच आहे. त्यांचंही अगदी खोटं नव्हतं, माझ्या घरीही लहान मुलं होती. पण त्या चौकोनानं एक वेगळीच गंमत केली. रंकाळ्याच्या चित्राला कुणी विचारत नव्हतं आणि ह्या चित्रावर माणसांची रीघ लागली. आत येऊन ती चिडायची. एकानं "किळसवाणं" लिहिलं, बाकीच्यांनी त्याहून वाईट. मी वाचताना गाळायला लागले तर बाई म्हणाल्या, "समदं सांग." सगळं ऐकून घेतलं. "पाटी वाचून आत आल्यात बिचारी. आत म्हातारी घावली," म्हणाल्या आणि हसल्या. पण त्या दिवशी त्यांनी चहा अर्धाच प्यायला.

ह्याच सुमाराला सुरेखाची बातमी आली. ही बाईंची जुनी विद्यार्थिनी, कबनूरला दिलेली. नवऱ्याचे यंत्रमाग होते. तिलाही गाठ निघाली होती, डॉक्टर काढायला सांगत होते आणि ती तयार होत नव्हती. बाईंनी फोन लावला. मी शेजारीच होते. पलीकडून सुरेखा म्हणाली, "काढल्यावर मी बाईमाणूस राहीन का हो, बाई?"

"मी न्हाय व्हय राहिलो?" बाई म्हणाल्या. "माझं चित्र बघ. मग सांग."

मी तिला वेबसाइटचा पत्ता दिला. ती नवऱ्याबरोबर इचलकरंजीच्या एका सायबर कॅफेत गेली. पडद्यावर चौकोन आला, वय विचारायला लागला. शेजारच्या खुर्च्यांवरची पोरं वाकून बघायला लागली. कॅफेचा मालक उठून आला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असलं काय इथं बघायचं न्हाय, ताई. घरची माणसं येत्यात." नवऱ्यानं तिचा हात धरून तिला बाहेर काढलं. "बघूच दिलं न्हाय, बाई," एवढंच ती फोनवर सांगू शकली. त्यानंतर तिनं फोन घेणं बंद केलं.

रविवारी बाईंनी चित्र भिंतीवरून उतरवलं, चादरीत गुंडाळलं आणि मला घेऊन एसटीत बसल्या. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, काय हाय ह्यात?"

"मी हाय," बाई म्हणाल्या.

कबनूरच्या त्या घरात भिंतीपलीकडून मागांचा खडखडाट येत होता. सासूनं पाणी दिलं. सुरेखा स्वयंपाकघरातून बाहेर येईना. "पावणं, तुम्ही जरा भाईर थांबा," बाईंनी नवऱ्याला सांगितलं. दार लावलं आणि चादर सोडून चित्र धान्याच्या पत्र्याच्या डब्याला टेकवून ठेवलं.

सासूनं पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. मग परत बघितलं. बघतच राहिली. जवळ येऊन बाईंना म्हणाली, "दुखतंय व्हय हो?"

"थंडीत वढतंय जरा."

सुरेखा दारात येऊन उभी होती. ती येऊन चित्रासमोर जमिनीवर बसली. माग चालू होते. मग तिनं मान वर न करता विचारलं, "ब्लाऊज कसा शिवता?"

बाई मोठ्यानं हसल्या. "दाखवतो की!" त्यांनी तिथेच ब्लाऊजमधून हातानं शिवलेली कापसाची गादी काढली. वजनासाठी आत मोहरी भरली होती. ती सुरेखाच्या तळहातावर ठेवली. सुरेखानं मूठ मिटली आणि मग ती रडली. सासू तिच्या शेजारी बसून तिची पाठ चोळत राहिली.

निघताना सुरेखा म्हणाली, "हे इथंच राहू दे, बाई." बाईंनी नाही म्हटलं नाही. येताना एसटीत त्या मांडीवर रिकाम्या चादरीची घडी घेऊन बसल्या होत्या.

सुरेखाचं ऑपरेशन झालं. पुढच्या वर्षी बाईंचा आजार हाडांत उतरला. शेवटी शेवटी त्यांना ब्रश धरवत नव्हता आणि आवाजही बसला. मी जवळ कान नेऊन ऐकायची. त्या गेल्या तेव्हा शाळेत परीक्षा चालू होती, त्यामुळे सुट्टीसुद्धा दिली नाही. त्यांच्या एका भाच्यानं रंकाळ्याची आणि गुऱ्हाळांची चित्रं नेली. घर भाड्यानं गेलं.

उन्हाळ्यात मी कबनूरला गेले. सुरेखा बरी दिसत होती, केस परत आले होते. चित्र भिंतीवर नव्हतं. माझी नजर फिरलेली तिला कळली. ती मला आतल्या खोलीत घेऊन गेली, लोखंडी कपाट उघडलं आणि टांगलेल्या साड्या बाजूला सारल्या. मागे बाई बसल्या होत्या.

"भाईर लावू देत न्हाईत. मागावरची माणसं येत्यात-जात्यात," ती म्हणाली. "सकाळी अंगोळ झाली की दार उघडतो. जरा बसतो त्यांच्यापुढं. मग कापडं घालतो."

बाहेर कुणीतरी आल्याची चाहूल लागली. तिनं साड्या एकेक करून सारख्या केल्या, कपाटाला किल्ली फिरवली आणि किल्ली कमरेला खोचली.