छोट्या लाईनीची शिट्टी

भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहाचा कप घेऊन सरळ उठून जातो. जन्म वीज खात्यात गेला. कुठून आवाज आला, तर तिथे एखादी तार सैल आहे, एवढंच मला ठाऊक. तरीही हे लिहितोय...

आम्ही छत्तीसगडची राजधानी रायपूरचे मराठी. घर तेलीबांधाजवळ, जिथून धमतरीची छोटी लाईन, म्हणजे नॅरोगेज आगगाडी, जायची. माझे वडील, आबा, त्या गाडीचे ड्रायव्हर. परतताना घरामागे आले की शिट्टी द्यायचे — दोन छोट्या, एक लांब. म्हणजे, आलोय, भात टाका. ती ऐकून माझी बायको सुनंदा "मामाजी आले" म्हणत सासऱ्यांसाठी कुकर चढवायची. आता आबा नाहीत आणि लाईनही नाही. राजधानी वाढली, रूळ उखडले, त्यावर मोठा रस्ता झाला.

आणि आमची लेक मुक्ता पायलट आहे! होय, कॉलर ताठ करूनच सांगतोय. लहानपणी विचारायची, "आबा, विमानाले टेसन काहून नसते?"

आबा म्हणायचे, "तू चालव, मंग मले सांगजो."

गेल्या हिवाळ्यात तिची पहिली लांबची फ्लाईट होती, दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को. बारा हजार किलोमीटरच्या वर, सोळा तासांच्या आसपास, मध्ये थांबा नाही! आबांच्या गाडीतून तर लोक उतरून बोरं तोडायचे आणि परत चढायचे. मी गोल बाजारातून पेढे आणले आणि मोहल्लाभर वाटूनही टाकले... पोट्टी पोहोचायच्या आधीच.

संध्याकाळी उतरायची वेळ टळली. मोबाईलच्या नकाशावरचं तिचं विमान एकाच जागी गोल गोल फिरत होतं, मग तेही दिसेना. फोन लागेना. काहून एवढी घाई केली पेढ्यांची, असं मनात येऊन मला रडूच फुटलं.

आणि तेवढ्यात शिट्टी झाली. घरामागून, अगदी जवळून. दोन छोट्या, एक लांब.

सुनंदा देवापुढून उठली. "मामाजी आले. भात टाकते... अवो, काहून रडून राहिले? पोट्टी आली समजा."

कुकरची वाफ जिरायच्या आत फोन आला. "पापा, उतर गए! धुकं होतं, वरच चकरा मारून राहिलो होतो." मग हसत म्हणाली, "उतरताना कॅप्टन सर चिडले माझ्यावर. म्हणे, सीटी क्यों बजा रही हो? कसम से पापा, मी नव्हती वाजवत."

"कशी वाजली?" मी विचारलं.

"दोन छोट्या, एक... पापा... आबांसारखी."

मी मागच्या रस्त्यावर जाऊन पाहून आलो. नुसत्या मोटारी धावत होत्या. तारा, भोंगे, वारा, सगळं तपासून झालं, पण उत्तर आजही सापडलेलं नाही.

त्या दिवशी सुनंदाने आबांचंही ताट वाढलं. आणि असल्या गोष्टींना हसणारा मी, त्यांच्या फोटोसमोर ताठ उभा राहून म्हणालो, "आबा, तुमच्या पोट्टीच्या गाडीले मधात एकबी टेसन नाई लागलं."