आठ हजार सहाशे तेहेतीस लाद्या

माझा मामा लाद्या बसवतो. सगळं आयुष्य गुडघ्यांवर काढलं, पण मान कुणापुढे वाकवली नाही. शाळा मात्र चौथीतच सुटली. "मी शाळेला झेपलो नाही," असं तो अजून ऐटीत सांगतो.

मी त्याच शाळेत कारकून आहे. आजवर इथे शिकलेल्या प्रत्येकाच्या नावाची एकेक लादी करून अंगण मढवायचं ठरलं. जुनी रजिस्टरं उपसून मोजणी मीच केली : आठ हजार सहाशे तेहेतीस. काम मामाला मिळालं. मुख्याध्यापिका बाईंची अट अशी, की नीट आयत हवा, लादी कापायची नाही आणि कोरी लादी एकही नको.

इंजिनिअरसाहेब भागायला बसले. दोन, तीन, पाच, सात, अकरा करत त्रेपन्नापर्यंत गेले आणि कंटाळून कॅल्क्युलेटर खिशात टाकला.

"मूळ संख्या आहे. हिला भागच जात नाही. तेहेतीस नावं कमी करा, शंभर गुणिले शहाऐंशी बसतं. चौथीही न झालेले असतील ना? त्यातले सगळ्यात जुने गाळा."

बाईंनी मला यादी करायला सांगितली. एकविसावं नाव मामाचं निघालं. ते लिहिताना मला स्वतःचीच लाज वाटली. यादी बाईंकडे न नेता आधी अंगणात मामाकडे नेली.

त्यानं ती सावकाश वाचली, घडी करून खिशात ठेवली. "साहेबांना बोलाव. बाईंनाही."

दोघं आले तेव्हा तो खडूनं जमिनीवर चौकोन काढत होता.

"साहेब, नुसतं भागत बसलात. मांडून बघितलं का? आम्ही आधी चौरस लावतो. त्र्याण्णव लाद्यांच्या त्र्याण्णव ओळी. किती झाल्या?"

"आठ हजार सहाशे एकोणपन्नास."

"म्हणजे आपल्याकडे सोळा कमी. पण सोळाचाही चौरसच होतो, चार बाय चार. तेवढा कोपरा रिकामा राहिला. आता त्या कोपऱ्याकडच्या चार ओळी उचला. प्रत्येकीत एकोणनव्वद लाद्या. आणि खाली ओळी किती उरल्या? त्याही एकोणनव्वद! मग उचललेल्या चार ओळी उभ्या करून बाजूला चिकटवा. कोपरा गेला, आयत झाला."

साहेबांनी कॅल्क्युलेटर पुन्हा बाहेर काढला. एकोणनव्वद गुणिले सत्त्याण्णव. उत्तर बरोबर आठ हजार सहाशे तेहेतीस आलं.

"दोन्ही मूळ संख्या आहेत," ते कपाळाला हात लावून म्हणाले. "म्हणजे एक लांबलचक ओळ सोडली, तर या आकड्याचा हा एकच आयत. आणि मी त्रेपन्नावर थांबलो!"

"घाई नडते साहेब. लादीकामात तर फारच."

बाई खूश झाल्या. "एवढं गणित कुठे शिकलात हो?"

"काही कामावर. बेरीज-गुणाकार मात्र इथेच, तुमच्या शाळेत." मामानं खिशातून यादी काढून त्यांच्या हातात दिली. "एकविसावं नाव बघा."

बाईंचा चेहरा उतरला. "माफ करा. मला खरंच माहीत नव्हतं."

"माझं सोडा, मी समोर उभा आहे. बाकीच्या बत्तिसांचं कोण सांगणार? वाचा ना, मोठ्यानं वाचा."

बाईंनी तिथेच उभ्या उभ्या, हजेरी घ्यावी तशी, पहिल्यापासून नावं वाचायला सुरुवात केली. वीस नावांना कुणी ओ दिली नाही. एकविसावं नाव आलं, तसा मामा ताठ उभा राहिला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "हजर!"