शाहीनआपांचं हलकं काम

शाहीनआपांची आणि माझी ओळख झाली ती त्यांनी माझा आराखडा पुसला तेव्हा. अकोल्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत मी नुकताच लागलो होतो. जावा या संगणकभाषेची परीक्षा पास झाल्याची ऐट अंगात होती. पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर एक भलाथोरला आराखडा काढला. थराखाली थर, थरांत चौकोन, चौकोनांतून निघालेले बाण. आपा मागे येऊन उभ्या राहिल्या आणि एका चौकोनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे काहून?"

"पुढे लागू शकतं," मी म्हणालो.

त्यांनी तळहातानं तो चौकोन पुसून टाकला. "अन् हे?"

"हे सगळीकडे असतंच, आपा."

तोही गेला. असं करत करत फळा जवळजवळ रिकामा झाला. उरलेल्या दोन-तीन चौकोनांकडे पाहून त्या म्हणाल्या, "आता समजून राहिलं तुले काय करायचं हाय ते." मला राग आला होता. पण खरंच समजू लागलं होतं.

आपा बाळापूरच्या. वडिलांचं तिथे पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान होतं. आपा हैदराबादला एका मोठ्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होत्या, पण वडिलांना अर्धांगवायू झाला आणि त्या नोकरी सोडून परत आल्या. सकाळच्या एसटीनं अकोल्याला यायच्या, संध्याकाळच्या एसटीनं परत जायच्या. घरी उर्दू, आमच्याशी वऱ्हाडी आणि संगणकाशी जावा. तिन्ही भाषांत सारख्याच रोखठोक.

त्या काळी कंपन्यांची मोठी कामं जावात करायची एक ठरलेली रीत होती. अवजड सर्व्हर घ्यायचा, त्यावर 'एंटरप्राइज बीन्स' नावाचं प्रकरण चढवायचं, आणि एवढ्याशा कामासाठीही फायलींवर फायली लिहायच्या. आपांना ते पटत नसे. "बीन्स म्हनतेत, पन शेंगा गंज अन् दाना एक नाई," त्या म्हणायच्या. साध्या जावात साधे क्लास, म्हणजे कोडचे सुटसुटीत तुकडे, लिहावेत, ते एका लहान सर्व्हरवर चालावेत आणि कोणालाही उघडून वाचता यावेत, एवढंच त्यांचं म्हणणं. कोणी वाद घातलाच तर वडिलांचं वाक्य ऐकवायच्या, "अब्बा म्हनतेत, मशीन जड हाय म्हनून मजबूत हाय असं नसते."

अशात आम्हाला एका सहकारी संस्थेचं काम मिळालं. संस्थेचं मुख्यालय अमरावतीला, कापूस खरेदीची केंद्रं तालुक्यातालुक्यांत. आलेल्या कापसाची नोंद, प्रत, वजन आणि शेवटी शेतकऱ्याच्या हातात पावती, हे सगळं संगणकावर आणायचं होतं. आमच्या भागातल्या शेतकऱ्यांच्या बातम्या सकाळी पेपरात वाचवत नसत, असे ते दिवस होते. आपांनी काम हातात घेतल्यावर आधी काय केलं, तर मला घेऊन अंजनगाव सुर्जीचं खरेदी केंद्र गाठलं.

केंद्राच्या फाटकापासून रस्त्यावर दूरपर्यंत बैलगाड्या आणि ट्रॅक्टर उभे होते. लोक कापसावरच झोपत, कापसाशेजारीच चूल मांडत. एका गाडीखाली सावलीला बसलेल्या म्हाताऱ्यानं आपांना विचारलं, "बाई, तुमच्या त्या डब्ब्यानं काय होईन?"

"तुमची पाळी जल्दी येईन, काका."

"येईन काय नक्की?"

"येईन," आपा म्हणाल्या.  परतीच्या बसमधून उतरताना म्हणाल्या, "निलेश, मी त्याहिले जबान देऊन बसली."

अंजनगावच्या केंद्राच्या खोलीतला संगणक जुनाट होता आणि वीज दिवसातून कितीदा तरी जायची. आपांनी त्याच खोलीसाठी प्रणाली लिहिली. साधे क्लास, लहानसा सर्व्हर, सगळं मिळून एका सीडीत मावेल एवढं. पावती तिथल्या तिथे निघायची आणि संध्याकाळी फोनची लाइन मिळाली की दिवसभराच्या नोंदी अमरावतीला जायच्या. बाळापूरच्या केंद्रावर आम्ही ती चालवून पाहिली. वीज गेली, आली, आणि डोक्यावरच्या पंख्यानं वेग घ्यायच्या आत प्रिंटरमधून पावती सरकू लागली. तिथला कारकून टाळ्या वाजवायला लागला. आपांना मी इतकं मोकळं हसताना त्यानंतर पाहिलं नाही.

मग अमरावतीची बैठक झाली. संस्थेचे अध्यक्ष, संचालक, आमचे मालक आणि पुण्याहून बोलावलेले, त्या अवजड बीन्सचाच आग्रह धरणारे एक सल्लागार. आपांनी सगळं नीट समजावून सांगितलं. सल्लागार चष्मा पुसत म्हणाले, "हे ठीक आहे, पण यात एंटरप्राइज काय आहे?"

"साहेब, शेतकऱ्याले पावती भेटते. अजून काय पाहिजे?"

सल्लागारांना ते उद्धट वाटलं असावं. त्यांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्षांनी विचारलं, "म्हंजे मॅडम, याच्यात अन् या पुण्याच्या साहेबांच्या पद्धतीत फरक काय?"

"आमचं हलकं हाय, साहेब," आपा म्हणाल्या.

 अध्यक्ष खुर्चीत मागे रेलले. "हे पाहा, एवढ्या जिल्ह्यांची संस्था हाय आमची. आमाले हलकं काम नाई पाहिजे. काम भारी पाहिजे."

आपांच्या लक्षात आलं तोवर उशीर झाला होता. वजनाला हलकं, चालवायला हलकं असं त्या सांगू लागल्या, पण सगळ्यांच्या डोक्यात बाजारातलं हलकं कापड बसलं होतं. आमचे मालक चटकन पुढे झाले आणि म्हणाले, "सल्लागार साहेब म्हणतात तसंच करू." काम हातचं जाण्याची त्यांना भीती होती. परतताना त्यांनी आपांना सांगितलं, करायचं असेल तर तसं करा, नाहीतर दुसऱ्याला देतो.

मला वाटलं, आपा राजीनामा देतील. त्यांनी दिला नाही. "मी गेली तं याहून खराब करतीन," म्हणाल्या, आणि ज्या पद्धतीवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता, ती त्यांनी जीव ओतून उभी केली. जमेल तिथे छाटली, सोपी केली. पण हत्तीला किती छाटणार?

दिवाळीनंतर खरेदी सुरू झाली. अमरावतीच्या थंडगार खोलीत प्रणाली झोकात चालत होती. अंजनगावला मात्र दर पावतीसाठी अमरावतीशी फोनची लाइन जोडावी लागायची, आणि लाइन मिळेपर्यंत वीज जायची. वीज आली की केंद्रावरचा अवजड सर्व्हर उठेपर्यंत बाहेर चहाची एक फेरी व्हायची. रांग कमी व्हायची सोडून वाढली. लोक ओरडू लागले तसे आम्ही दोघं धावत गेलो. आपांच्या पर्समध्ये त्यांची सीडी होती.

केंद्रप्रमुख भला माणूस होता. त्यानं सीडी हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि परत दिली. "मॅडम, मले समजते. पन वरून हुकूम आल्याशिवाय मी हे टाकलं, तं माझी नोकरी जाईन."

आपांनी त्याच्याशी वाद घातला नाही. कारकुनाशेजारची खुर्ची ओढली, छापील पावतीपुस्तक मागून घेतलं आणि हातानं पावत्या लिहायला बसल्या. मी नावं पुकारत होतो. दुपारी तो म्हातारा खिडकीशी आला. आपांनी त्याला ओळखलं.

"काका, माफ करा. जल्दी नाई झालं."

"तुमी काय करान, बाई," तो म्हणाला आणि पावती टोपीत खोचून निघून गेला. त्यानं चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं आपा नंतर कितीदा तरी म्हणाल्या.

हंगाम संपला आणि आपांनी नोकरी सोडली. दुसरीकडे गेल्या नाहीत. बाळापूरला मुलींच्या शाळेत गणित शिकवू लागल्या. पुढच्याच वर्षी संस्थेनं ती प्रणाली गुंडाळून ठेवली. मी नागपूरला गेलो, मोठा झालो. पाहता पाहता सगळ्या जगानं ते अवजड बीन्स टाकून दिले आणि साध्या जावाकडे मोर्चा वळवला. आपा जे वऱ्हाडीत सांगायच्या, ते लोक आता परिषदांत इंग्रजीत सांगू लागले.

तेच सांगायला मी एकदा बाळापूरला गेलो. मनात होतं की आपांना आमच्या कंपनीत बोलवावं. त्यांचे वडील गेले होते, केस पांढरे झाले होते. मी भरभरून सांगत सुटलो, सगळं तुमच्यासारखंच झालं, आपा, तुम्हीच बरोबर होता.

 त्यांनी माझ्यापुढे शीरखुर्म्याची वाटी सरकवली.

"त्या बैठकीचा मी लय इचार केला, निलेश," त्या म्हणाल्या. "शब्द चुकला असं तुमी सारे म्हनता. शब्द नाई चुकला, जागा चुकली. त्याहिले मी अंजनगावात न्यायला पाहिजे होतं. रांगेत उभं करायला पाहिजे होतं. मंग हलकं म्हंजे काय, ते मले सांगाच लागलं नसतं."

"पण आता तर सिद्ध झालं ना, की तुमचं बरोबर होतं?"

"मले बरोबर ठरून काय करायचं होतं, बाप्पा?" त्या म्हणाल्या. "मले ते चालवायचं होतं."

नोकरीचं मी बोललोच नाही. वाटीतला शीरखुर्मा संपवला आणि निघालो.