‘नाही’ लिहायचं राहिलं

निजामाच्या राज्याच्या शेवटच्या काही वर्षांत मी जुन्या जालन्यात पाट्या रंगवायचो. दुकानाची पाटी, बिडीच्या बंडलावरचं चित्र, लग्नघराच्या दारावरचे हत्ती, कोणी जे सांगेल ते. स्वतःचं दुकान असं नव्हतंच. एका पिशवीत सफेदा, काजळी, जवसाच्या तेलाची बाटली आणि खारीच्या शेपटीच्या केसांचे ब्रश एवढाच पसारा. ती पिशवी खांद्याला अडकवली की माझं दुकान उघडलं.

माझं काम लोकांना फार आवडायचं आणि सगळा घोळ तिथंच होता. आवडलेल्या कामाचे पैसे मागितले की लोकांना वाईट वाटायचं. एका भजीवाल्यानं पाटी बघून मला मिठीच मारली आणि पैशांऐवजी चार दिवस भजी खाऊ घातली. पाचव्या दिवशी मी अंथरुणातून उठू शकलो नाही. एक नाटक कंपनी आली. तिच्यासाठी मी राजवाड्याचा पडदा रंगवला, पैसे शेवटच्या खेळानंतर असं ठरलं. त्या खेळाला मी पुढं बसून टाळ्या पिटल्या. सकाळी मैदानावर गेलो तर तिथं फक्त तंबूच्या खुंट्यांची भोकं. राजा, प्रधान आणि राण्या माझा राजवाडा गुंडाळून पसार झाले होते.

पण कळस केला तो अमीनसाहेबांनी. अमीन म्हणजे तेव्हाचा पोलिसांचा अंमलदार. त्यांच्या दारावरची नावाची पाटी मी केली होती. पैसे मागायला गेलो तर त्यांनी वही काढली, माझं नाव, गाव, बापाचं नाव नीट विचारून लिहून घेतलं आणि म्हणाले, ‘‘ठीक है, जाओ.’’ पुढं सहा महिने मी त्या गल्लीतून गेलो नाही.

दुःखाला एक जोडीदार होता. उर्दू सरकारची भाषा, त्यामुळं प्रत्येक पाटीवर एक ओळ उर्दूची लागायची. ती लिहायला मी एका कातिबांना घेऊन जायचो. कातिब म्हणजे सुरेख उर्दू अक्षर लिहून देणारा माणूस. साठीचे, काटकुळे, तोंडात कायम पान. मी त्यांना चाचा म्हणायचो. त्यांचं अक्षर बघून तहसीलदार मान डोलवायचा, आणि पैसे त्यांनाही कोणी द्यायचं नाही. ‘‘लोगां वाहवा करते मियाँ,’’ ते म्हणायचे, ‘‘वाहवा पे चाय उबलती क्या?’’

एकदा माझे वडील हसनाबादेकडून मला भेटायला आले. आमचं घराणं मेंढरांमागं हिंडणारं. वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हतं. आपला पोरगा भिंतींवर रेघोट्या मारून पोट भरतो, ही गोष्ट त्यांनी गावात कोणाला सांगितली नव्हती. माझ्या खोलीत पीठ नाही, हे त्यांनी डबा उघडून स्वतःच पाहिलं.

‘‘काम तर करून राह्यला ना?’’ त्यांनी विचारलं.

‘‘रोज करून राह्यलो. पैसेच देत न्हाईत.’’

‘‘पाटी पुरी करून देतो अन् मंग पैसे मागतो व्हय?’’

‘‘मंग कवा मागू?’’

वडिलांनी कपाळाला हात लावला. आमच्याकडं शेतकरी खतासाठी रानात मेंढरं बसवायला बोलावतात आणि त्या बदल्यात ज्वारी देतात. वडिलांचा सगळा व्यवहार त्यावरच चालायचा. ते म्हणाले, ‘‘म्या कधी सगळ्या रानात येकदम मेंढरं बसवलीत का? आदी अर्धं रान. ज्वारी पदरात पडली का मंग उरल्यालं अर्धं. येकदा सगळीकडं लेंड्या पडल्या, का मंग त्या येचून परत आणता येत्यात व्हय?’’

माझ्या कलेची लेंड्यांशी बरोबरी झाली याचं मला दोन दिवस वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी पटलं. चाचांना सांगितलं, तर त्यांनी पान थुंकलं आणि गंभीरपणे म्हणाले, ‘‘तुम्हारे अब्बा आलिम है.’’ आलिम म्हणजे मोठा विद्वान. त्याच दिवशी आम्ही ठरवलं. पाटीतला एक शब्द शिल्लक ठेवायचा. पैसे हातात पडले की तो लिहायचा.

पहिलंच गिऱ्हाईक मिळालं ते एक कापडाचे व्यापारी. बाजारात त्यांना सगळे नुसतं शेठ म्हणायचे. उधारीला ते फार वैतागले होते. दाराच्या वरच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत त्यांना लिहून हवं होतं, ‘येथे उधार मिळणार नाही.’ खाली उर्दूत, ‘उधार नहीं मिलेगा.’ मजुरी बारा रुपये हाली, म्हणजे निजामाच्या शिक्क्याचे. मी आणि चाचांनी एकमेकांकडं पाहिलं. कोणता शब्द शिल्लक ठेवायचा, हे बोलायचीही गरज पडली नाही.

दोन दिवस शिडीवर उभा राहून मी लिहिलं. अक्षरं हातभर उंच, लाल, काठाला काळी सावली. ‘येथे उधार मिळणार’ एवढं झालं आणि मी खाली उतरलो. चाचांनी आपल्या ओळीत मध्ये वीतभर जागा मोकळी सोडली.

‘‘शेठ, एक शब्द राह्यला. पैसे द्या, आत्ता लिहितो.’’

शेठ गादीवरून न उठता म्हणाले, ‘‘एका शब्दानं काय बिघडतं? बाजाराच्या दिवशी ये. बराबर देतो.’’

‘‘बघा बरं, शेठ.’’

‘‘काय बघा? तुझी पाटी कोण वाचून राह्यलंय इथं?’’

शेवटचं वाक्य मला लागलं. नाहीतर मी कदाचित तेव्हाच वितळलो असतो, कारण मुळात मी मऊ माणूस. मी पिशवी उचलली आणि निघालो.

बाजाराच्या दिवशी सकाळी मी आणि चाचा समोरच्या चहाच्या दुकानात जाऊन बसलो. बराच वेळ काही घडलं नाही. मग खेड्यातले एक शाळामास्तर आले, दुकानासमोर थांबले आणि त्यांनी सवयीनं मोठ्यानं वाचलं, ‘‘येथे उधार मिळणार.’’ मागून चाललेले चार शेतकरी थांबले.

‘‘काय म्हन्ले, मास्तर?’’

मास्तरांनी पुन्हा वाचलं. पुढच्या अर्ध्या तासात शेठच्या दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही. कोणाला लुगडं हवं, कोणाला धोतरजोडी, कोणाला पोरीच्या लग्नाचा सगळा बस्ता. ‘‘न्हाई, न्हाई!’’ म्हणून शेठ ओरडत होते. ‘‘मंग लिवलंय कशाला एवढं मोठं?’’ म्हणून लोक ओरडत होते. एका म्हातारीनं तर ठाण हातात घेऊन बैठकच मारली.

शेठनी आधी गावातल्या दुसऱ्या पेंटरला बोलावणं धाडलं. त्याच्या-माझ्यात तीन वर्षं बोलणं नव्हतं. एका हॉटेलाची पाटी मी त्याच्या तोंडातून पळवली होती. तो आला, मान वर करून पाटी बघितली आणि म्हणाला, ‘‘दुसऱ्याच्या ओळीला मी हात लावत न्हाई. अन् शेठ, माझे मागच्या दिवाळीचे द्यायचे राह्यलेत.’’ मग तो सरळ चहाच्या दुकानात आला आणि आमच्या बाकावर बसला. मी त्याला चहा सांगितला. तीन वर्षांचं भांडण तेवढ्यात मिटलं.

इकडं शेठनी अमीनसाहेबांना बोलावणं पाठवलं, तेव्हा मात्र मी चाचांच्या मागं सरकून बसलो. त्या वहीत माझं नाव होतंच. अमीनसाहेब आले, छडी काखेत धरून त्यांनी उर्दू ओळ वाचली.

‘‘उधार मिलेगा. इसमें गलत क्या है?’’

‘‘साब, नहीं लिखना था!’’ शेठ काकुळतीनं म्हणाले.

‘‘नहीं लिखना था तो लिखाया कायको?’’

‘‘वैसा नहीं साब, ‘नहीं’ लिखना था.’’

‘‘वोच तो मैं पूछ रहा!’’

लोक पोट धरून हसायला लागले. अमीनसाहेबांना ते कशाला हसताहेत हे समजलं की नाही कोण जाणे, पण त्यांनी आत जाऊन शेरवानीचं उत्तम कापड निवडलं, मोजून घेतलं, फाडून घेतलं आणि पाटीकडं छडी दाखवून म्हणाले, ‘‘लिख लो.’’ आणि गेले.

पाच मिनिटांत शेठचे मुनीम धापा टाकत आमच्यापाशी आले. ‘‘चला, जल्दी चला, शेठ बोलवून राह्यलेत.’’

चाचांनी बशीतला चहा संथपणे संपवला. ‘‘कल आते बोलो.’’

मुनीम रडकुंडीला आले. मग ते परत गेले आणि बारा रुपये घेऊनच आले. चाचांनी एकेक रुपया दगडावर वाजवून पाहिला. काम संपायच्या आधी पूर्ण मजुरी हातात पडायची माझी ती पहिलीच वेळ.

शिडीवर चढलो. खाली जत्रा भरली होती. मी ‘ना’ काढला. तेवढ्यात खालून एक शेतकरी ओरडला, ‘‘शेठ, धोतरजोडी जल्दी द्या, अजून अर्धाच झालाय!’’ शेठनी मला हात जोडले. मी ‘ही’ची वेलांटी जरा सावकाशच वळवली, हे कबूल करतो.

त्या पाटीनं मला जेवढी कामं मिळवून दिली, तेवढी माझ्या कलेनं कधी दिली नव्हती. गावातले आम्ही पाट्या करणारे चौघंजण एकत्र बसलो आणि ठरवून टाकलं. अर्ध्या मजुरीशिवाय शिडी लावायची नाही, आणि एकानं सोडलेला शब्द दुसऱ्यानं लिहायचा नाही. हा ठराव मोडायची वेळ बऱ्याचदा आली, कारण भूक सगळ्यांनाच लागते. एकदा मीच मोडणार होतो. चहाच्या बाकावरच्या त्या पेंटरनं माझी पिशवी धरून ठेवली.

पुढं निजामाचं राज्य गेलं. लोकांनी उर्दू ओळींवर चुना फासला, सगळ्यांना नुसती मराठी हवी झाली. मला श्वास घ्यायला सवड नव्हती आणि चाचांना एक काम नव्हतं. ते आपल्या ओट्यावर बसून असायचे, माझ्याकडं बघून न बघितल्यासारखं करायचे. मला तो रस्ता चालवेना. शेवटी एक दिवस मी माझे दोन चांगले ब्रश त्यांच्यापुढं ठेवले आणि म्हणालो, ‘‘चाचा, एवढं काम मला एकट्याला होत न्हाई.’’

‘‘ये तुम्हारे रस्सी पे कपडे टांगे वैसे हरफां मेरे को नक्को,’’ शिरोरेषेला लटकणाऱ्या मराठी अक्षरांबद्दल ते म्हणाले. पण दुसऱ्या दिवशी आले. महिन्याभरात त्यांना मराठी अक्षरं माझ्यापेक्षा सुरेख यायला लागली. फक्त हाताची सवय सुटली नाही. ओळ ते उर्दूसारखी उजवीकडून सुरू करायचे, शेवटच्या अक्षरापासून उलटं मागं येत. जागा मात्र अशी बरोबर धरायचे की एक अक्षर इकडचं तिकडं नाही. गिऱ्हाईक खाली उभं राहून तासभर चक्रावायचं, काय लिहून राह्यलेत हेच कळायचं नाही. त्यामुळं मधेच येऊन हे बदला, ते बदला, असं त्यांना कोणी कधी म्हटलं नाही.