खंडेनवमीला पुजलेला कॅमेरा

चिंधी अर्धी कॅमेऱ्याच्या पोटात होती, अर्धी माझ्या नवऱ्याच्या चिमटीत. शेजारी रायफल पुसायच्या तेलाची बाटली झाकण काढून ठेवलेली. आणि दारात मुलगी उभी होती, हातात सांगलीतून आणलेले फिल्मचे रोल.

"आबा, हात काढा," ती म्हणाली. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"कोरडीच चिंधी हाय. त्याल अजून लावलं न्हाई," नवरा म्हणाला, जशी काही मेहेरबानी केली.

नवरा पलटणीतून पेन्शनवर आला तो कुपवाडला एका वर्कशॉपच्या गेटावर वॉचमन झाला. तिथंच दोन खोल्यांत आम्ही राहायचो. मुलीचा नवरा दारू पिऊन मारायचा, म्हणून ती परत आली होती. सांगलीत एका स्टुडिओत काम शिकली आणि मंगळसूत्र मोडून जुना कॅमेरा घेतला. त्या मंगळसूत्राचा तिला झालेला एवढाच उपयोग.

नवऱ्याचं म्हणणं वेगळं होतं. "दसऱ्यापातूर बघतो. ह्ये फोटूचं न्हाई जमलं तर दिवाळीला सासरी सोडून येतो." पोरगी म्हणजे सुट्टीवर आलेला शिपाई, वेळेत हजर झालीच पाहिजे, असा त्याचा हिशेब. दसऱ्याला वर्कशॉपच्या नव्या शेडचं उद्घाटन होतं. मालकांनी फोटोचं काम तिला दिलं होतं. फोटो बरे आले तर तुळशीच्या लग्नानंतर त्यांच्या मुलीचं लग्न होतं, तेही काम मिळणार होतं. म्हणजे सगळं त्या एका काळ्या डबीवर येऊन बसलं होतं.

आणि आदल्या दिवशी खंडेनवमी. नवऱ्याने पाटावर कोयता, खुरपं, माझी विळी, सायकलचा पाना आणि स्वतःची काठी मांडली. मग कॅमेरा आणला. ज्या धंद्याला वर्षभर नावं ठेवली तो धंदा नवमीला हत्यार झाला.

मी म्हटलं, "आवं, ऱ्हाऊ द्या तसाच, झाकलेला."

"हत्यार म्यानात ठिवून पुजत्यात व्हय? चौथी शिकल्याली तू, गप बस."

तो स्वतः तिसरी. पण पलटणीत गेलेल्या माणसाला शाळा मोजायची नसते.

मुलगी पुढची भिंगाची नळी कशी फिरवून काढते ते त्याने पाहिलं होतं. त्याने ती काढली आणि उघड्या कॅमेऱ्यावर हळद, कुंकू, अक्षता आणि झेंडूचं फूल वाहिलं. नंतर हौसेने डोळा लावून पाहिलं तर आत लाल ठिपके. मग तोंडाने फुंकर मारली. तोंडात तंबाखू. ठिपक्यांत तिची भर पडली. मग त्याला रायफल आठवली. कोरडी चिंधी आधी, तेल मागून, असा तिथला कायदा. आतला आरसा त्याने बोटाने वर ढकलला आणि चिंधी कोंबली. मुलगी आली ती तेव्हा.

तिने पंखा बंद केला. हात धुऊन कोरडे केले. पिशवीतून रबरी फुगा काढला. कॅमेरा तोंड खाली करून डोक्याच्या वर धरला आणि खालून फुग्याने वारा मारत राहिली. फुग्याचं टोक आत जाऊ दिलं नाही. हळद फरशीवर पडली, तांदळाचा दाणा पडला. आरशावरची तंबाखू मात्र हलेना. मी पदर पुढे केला.

"पदर बी नगो, आई."

"मग पुस की कशानं तरी," नवरा म्हणाला. "येवढी तमाखू फोटूत येनार."

"आरशावरचं फोटोत येत न्हाई, आबा. पुसलं तर आरसाच जाईल. तुमी आरशाच्या मागं काय लोटलंय, त्येचं भ्या हाय."

तो उठून बाहेर गेला. त्या दिवशीची ती एकच गोष्ट त्याने बरोबर केली.

उद्घाटनाला नवरा पलटणीची टोपी घालून, मेडल लावून गेला. मालक नारळ फोडतायत, मागे नवरा. भटजी बसलेत, बाजूला नवरा. गेटाबाहेर तर तो एकटाच, सलाम ठोकून.

फोटो धुऊन आले. मुलीने ते पाहिले आणि तसेच मालकांपुढे नेऊन ठेवले. मीही बरोबर गेले. प्रत्येक फोटोत वरच्या कडेला एक काळी वाकडी रेघ होती.

मालकांनी वायरमनला हाक मारली. "उद्घाटनालाच वायर लोंबती व्हय रं?" तो बिचारा शिडी लावून वर चढला आणि पत्र्याखाली वायर शोधत बसला. तेवढ्यात मालकांच्या हाती गेटाबाहेरचा फोटो आला.

"ही वायर आभाळाला कुनी लावली?"

"वायर न्हाई मालक. सूत हाय. आबांच्या चिंधीचं." तिने पूजेपासून सगळं सांगून टाकलं.

शिडीवरचा आधी हसला. मग मालक. मी हसले नाही, माझं दिवाळीकडे लक्ष होतं.

"वरचं कापता येईल?"

"येईल."

"काप मग. लगनाचं कामबी तूच कर. पन त्या दिवशी आबांची ड्यूटी गेटावर. कॅमेऱ्याजवळ न्हाई."

वरची कड कापली तेव्हा रेघ गेली आणि जवळजवळ सगळ्या फोटोंतून नवऱ्याची टोपी गेली. मालकांच्या मुलीच्या लग्नाचा सगळा बंदोबस्त आपल्यावर सोपवलाय, असं तो लोकांना सांगत फिरला. दिवाळी आली. सासरचं नाव त्याने काढलं नाही, आम्हीही काढू दिलं नाही.

आता रोल गेले. मुलीच्या नव्या कॅमेऱ्यात रोलच्या जागी सेन्सर म्हणून काहीतरी बसवलेलं असतं. त्यावर धूळ बसली की अजूनही ती पंखा बंद करते, कॅमेरा उलटा धरते आणि फुगाच मारते. खंडेनवमीला तो कपाटातच असतो, कुंकू आम्ही कपाटाला लावतो.

नवरा वारला. मुलगी आहे, आणि मी आहे.